झालेल्या कामांची वही

ओढ्यावरच्या पुलाच्या बासष्ट फळ्या बदलून झाल्या, ही ओळ सुलेखाने वहीतून आधी मनात वाचली, मग इंग्रजीत मोठ्याने सांगितली आणि पेन्सिल तिथेच टेकवून ठेवली.

टेबलापलीकडे बसलेल्या डोरीनने चष्मा कपाळावर सरकवला. ती गावाच्या ऑफिसातली क्लार्क. गेली अठरा वर्षं तिच्या हाताखालून गेल्याशिवाय गावाचा एकही कागद पुढे सरकला नव्हता.

"झाल्या. ऑक्टोबरमध्ये."

"बासष्टच?"

"मोजत कोण बसलंय, सू? पण सगळ्या नव्या आहेत. मी रोज त्यावरूनच चालत येते."

"काम केलं कोणी?"

"वॉल्टने केलं असणार."

वॉल्ट बाहेर अंगणातच होता, बर्फ काढायच्या गाडीला पातं बसवत. डोरीनने खिडकी वर करून त्याला विचारलं. त्याने टोपी सारखी केली, जरा विचार केला आणि नाही म्हणून मान हलवली. त्याची समजूत अशी होती, की काउंटीची माणसं येऊन करून गेली.

डोरीनने खिडकी खाली ओढली. "कुणी का केलं असेना, झालंय ना?"

सकाळपासून हे वाक्य तिने चौथ्यांदा म्हटलं होतं. ग्रंथालयाचं छप्पर झालं होतं, शाळेसमोरचा झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा नव्याने रंगवून झाला होता, मैदानातले मोडके झोपाळे बदलले होते. आणि प्रत्येक काम दुसऱ्या कुणीतरी केलं, असं प्रत्येकाला वाटत होतं. सुलेखाने ओळीपुढे खूण केली. तिची बोटं गार पडली होती, आणि ऑफिसात हीटर तर चांगला धडधडत होता.

बेकर्स रन हे पेनसिल्वेनियाच्या डोंगरातलं अकराशे वस्तीचं गाव. स्टेट कॉलेज शहरापासून गाडीने तासाभरावर. तिथे दर वर्षी ख्रिसमसच्या आधीच्या गुरुवारी आगीचे बंब ठेवायच्या फायर हाउसच्या हॉलमध्ये गाव जमतं, कॉफी होते, बिस्किटं होतात आणि वर्षाचा अहवाल वाचला जातो. वर्षभरात गावाने काय केलं आणि पुढच्या वर्षी काय हाती घ्यायचं, एवढंच. सव्वीस वर्षं तो अहवाल गावाचे मॅनेजर म्हणून जगन्नाथ सबनीस वाचत आले. मूळचे कराडचे, हाडाचे इंजिनियर. गावाने त्यांच्या नावाचा पुढचा तुकडा ठेवला, बाकीचा सोडून दिला, जॅग. मार्चमध्ये एका दुपारी ते पोस्टासमोरच्या बाकावर पत्रं चाळायला बसले आणि उठलेच नाहीत. नवा मॅनेजर अजून मिळायचा होता. अहवालाचं टिपण नेहमीप्रमाणे त्यांच्या वहीत होतं, आणि वही मराठीत. ती वाचू शकेल असं गावात एकच माणूस उरलं होतं, त्यांची बायको सुलेखा.

डोरीनला एक गोष्ट माहीत नव्हती. तिला वाटे, जॅग वर्षभर जसजशी कामं होतील तसतशी टिपत जातो. ते तसं नव्हतं. जगन्नाथ अख्खा अहवाल जानेवारीच्या पहिल्या रविवारी एका बैठकीत लिहून टाकत. वर्ष सुरू व्हायच्या आत वर्ष संपवून मोकळे. सुलेखाच्या पुढ्यातली ओळ न् ओळ ते जायच्या अडीच महिने आधी लिहिलेली होती.

"पुढे?" डोरीन म्हणाली.

"चर्चसमोरचं जुनं मेपलचं झाड जुलैत पडलं. कुणाला लागलं नाही."

"अकरा जुलै." डोरीन लगेच म्हणाली. "काय वादळ होतं ते! खाली गाडी उभी नव्हती म्हणून नशीब." मग तिची पेन्सिल थांबली. "थांब हं. जॅग तर मार्चमध्ये..."

"तोडायचं ठरवलं असेल त्यांनी. म्हणून लिहून ठेवलं असेल."

"हो, तसंच असेल," डोरीन म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, पण पटवून घेण्याइतकी ती शहाणी होती.

चौदाव्या ओळीपर्यंत सगळ्यांपुढे खुणा झाल्या. सुलेखाने पान उलटलं. मागच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, पंधरावी ओळ होती. तेच तिरकं अक्षर, तीच निळी शाई.

ओक स्ट्रीटवरचं नऊ नंबरचं घर डिसेंबरात बंद झालं. मागची जमिनीची पट्टी ओढ्याकाठच्या पायवाटेला मिळाली.

ओक स्ट्रीट, नऊ नंबर. सुलेखा त्याच घरातून सकाळी चालत आली होती. गॅसवरचं पातेलं उतरवून, मागचं दार ओढून.

"आणखी आहे काही?" डोरीनने विचारलं.

"नाही." तिने वही मिटली. "चौदाच."

---

घरी आल्यावर तिने कोट काढला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, जगन्नाथांच्या खुर्चीसमोर बसली. त्या खुर्चीच्या एका पायाचं रबर केव्हाचं गेलं होतं. ते उठले, की ती जमिनीवर अशी किंचाळायची, की शेजारच्या कुत्र्याला कळावं. नवं रबर आणा म्हणून तिने दहा वर्षं सांगितलं. अख्ख्या गावाची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला घरच्या खुर्चीला वेळ नव्हता.

याच टेबलावर गेल्या जानेवारीत ते लिहीत बसले होते. ती शेंगा सोलत होती.

"संपवलं का वर्ष?" तिने नेहमीसारखं चिडवलं होतं.

"संपत आलंय."

"लोक पुढच्या वर्षी काय करू ते लिहितात. तुमचं आपलं जगावेगळं."

"करू म्हणून लिहिलेलं कुणी करत नाही, सुलेखा. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं माझं. करू म्हटलं की ते पुढच्या वर्षावर जातं. झालं असं लिहून ठेवायचं. मग आपल्या अक्षराची आपल्यालाच लाज वाटते आणि माणूस कामाला लागतो."

"आणि कोण करणार ते का नाही लिहीत कधी? वॉल्ट म्हणून लिहा, डोरीन म्हणून लिहा."

तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. "नाव कधी घालायचं नाही. नाव घातलं की नेमका तोच माणूस आजारी पडतो. नाव नसलं, की कुणीतरी करतंच."

ती हसली होती. आता तिला हसू आलं नाही. तिला राग आला. चांगला, अंग तापवणारा राग. गावाचं वर्ष लिहिलं ते लिहिलं, गावाने पगार दिला होता. पण तिचं वर्ष लिहायला यांना कुणी सांगितलं होतं? एकदा विचारायचं तरी, की बाई गं, तुला इथे राहायचंय का जायचंय. एक्केचाळीस वर्षं ती या घरात राहिली होती. मागच्या पट्टीत तिने लावलेला कढीपत्ता थंडीने तीनदा मेला आणि चौथ्यांदा कुंडीत जगला. तिला इथेच राहायचं होतं. मरायचं तर मरायचं, पण इथे.

तळघरातून घरंगळल्यासारखा आवाज आला आणि घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली.

---

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. तासभर तळघरात खुडबुड करून वर आला तो हात पुसतच. आतलं सर्किट गेलं होतं, मॉडेल जुनं, नवा भाग जानेवारीच्या मध्याआधी मिळणं कठीण. असल्या थंडीत पाइप फुटतील. पाणी बंद करावं, पाइप रिकामे करावेत आणि मुलाबाळांकडे जावं, हे उत्तम. भला माणूस होता. त्याने येण्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. जॅगने त्याच्या आईच्या दारासमोरचा रस्ता स्वतः उभं राहून करून घेतला होता म्हणे.

दुपारी क्युपर्टिनोहून देवांगचा फोन आला.

"आई, मी तुझं तिकीट बुक केलंय. सॅटर्डे मॉर्निंगचं."

"मला न विचारता?"

"अगं, डोरीनने टेक्स्ट केला, फर्नेस गेलीय म्हणून. तू कशी राहणार तिथे? आणि बाय द वे, टाउनवाल्यांची ईमेल आली होती मला. मागची स्ट्रिप हवीय त्यांना, ट्रेलसाठी. मी म्हटलं शुअर, व्हाय नॉट. बाबांना आवडलंच असतं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. बाहेर बारीक बर्फ पडू लागलं होतं.

"देवांग, तुला कुणी सांगितलं का असं करायला?"

"कुणी म्हणजे?"

"काही नाही. तिकीट कॅन्सल कर."

"नॉन-रिफंडेबल आहे, आई. आणि इट्स जस्ट फॉर द विंटर. स्प्रिंगमध्ये बघू ना घराचं काय करायचं ते."

घराचं काय करायचं ते. तिने फोन ठेवला. कुणी वाईट वागत नव्हतं, हेच वाईट होतं. दुरुस्तीवाला भला होता, मुलगा प्रेमाचा होता, डोरीनने तर संध्याकाळी आपला छोटा हीटर आणून दिला आणि बरोबर विचारलंही, की कुंड्या माझ्याकडे ठेवू का. पुलाच्या फळ्या अशाच बदलल्या गेल्या असणार. एकाने एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं, आणि आपण कुणाचं लिहिलेलं काम करतोय हे कुणालाच कळलं नाही.

रात्रीचं जेवण तिने लवकर उरकलं. दार लावताना तिची नजर कडीकडे गेली. अमेरिकन कुलपांवर जगन्नाथांचा भरवसा नव्हता. घर घेतलं त्याच वर्षी त्यांनी पुढच्या दाराला आतून कराडसारखी लोखंडी कडी ठोकली होती. बाहेरून कुणी दार वाजवलं, की कडी काढायच्या आधी आतून मराठीत विचारायचे, "कोण आहे?" या गावात मराठीत उत्तर देणारं दुसरं कोण येणार आहे, म्हणून ती चिडायची आणि बाहेरून म्हणायची, "मी." ते गेल्यापासून तिने ती कडी एकदाही लावली नव्हती. आजही लावली नाही.

---

गुरुवारी दुपारी, हॉलला निघण्याआधी, तिने वही उघडली. पंधरावी ओळ खोडावी म्हणून पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसली. खोडून काही उपयोग नव्हता. जगन्नाथांनी सव्वीस वर्षांत एक ओळ खोडली नव्हती. आणि शाळेसमोरचा पट्टा पांढऱ्याऐवजी पिवळा रंगवला जावा म्हणून डोरीनने एकदा जंग जंग पछाडलं होतं, तरी तो वहीत होता तसा पांढराच झाला होता. लिहिलेल्याला उत्तर द्यायचं तर लिहूनच.

तिने नवं पान काढलं. वर येणाऱ्या वर्षाचा आकडा घातला. मग त्यांच्यासारखंच, थोडक्यात, घडून गेल्यासारखं लिहिलं.

ओक स्ट्रीटवरच्या नऊ नंबरच्या घरात वर्षभर माणूस राहिलं. दिवा रोज लागला.

ओळ सरळ आली. तिला एकदम हलकं वाटलं. फर्नेस बंद, हीटर एवढासा, बोटं काकडलेली. तरी तिला घाम फुटल्यासारखं झालं. तिने छोटा हीटर बंद केला, दिवे मालवले, दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवली. दोनदा ओढून पाहिलं. जगन्नाथांचं बघून लागलेली सवय.

फायर हाउसच्या हॉलमध्ये नव्वद एक माणसं असतील. लाल गाड्या बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. चार वाजता डोरीनने तिची ओळख करून दिली, तशी सगळे उभे राहिले. ते उभं राहणं तिच्यासाठी नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिने चौदा कामं वाचली. प्रत्येक कामाला टाळ्या पडल्या. लोक एकमेकांकडे बघून, कामाचं श्रेय एकमेकांकडे ढकलत, खूश होऊन टाळ्या वाजवत होते.

पंधरावं तिने वाचलं नाही.

"आणि पुढच्या वर्षीची कामं?" मागून कुणीतरी विचारलं. "जॅग शेवटी काहीतरी एक सांगायचा."

"एक आहे," सुलेखा म्हणाली. तिने पान उलटून ती ओळ इंग्रजीत सांगितली, जशी लिहिली होती तशीच, घडून गेल्यासारखी.

हॉलमध्ये हलकंसं हसू पसरलं. म्हाताऱ्या बाईचं इंग्रजी अजून जरा इकडचं तिकडे होतं, असं समजून लोकांनी तिला मोठ्या मनाने माफ केलं. मग टाळ्या वाजल्या, आधीपेक्षा जोरात. डोरीनने येऊन तिचे खांदे धरले.

"म्हणजे तू जात नाहीस?"

"नाही."

"देवाचीच कृपा," डोरीन म्हणाली आणि डोळे पुसत बिस्किटांच्या टेबलाकडे वळली. सुलेखाने दोन बिस्किटं खाल्ली, कॉफी प्यायली. मार्चनंतर पहिल्यांदा तिला खाल्लेल्याची चव लागली.

---

पाच वाजताच अंधारलं होतं. वॉल्टने तिला आपल्या ट्रकमधून सोडायचं ठरवलं. ओक स्ट्रीटला वळल्यावर त्याने गाडी हळू केली.

"फर्नेस चालू झाली वाटतं," तो म्हणाला. "बरं झालं."

नऊ नंबरच्या छपरावरून पांढरी वाफ सरळ वर जात होती. स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता, उजवीकडून, बाहेरचा रस्ता दिसत राहावा म्हणून जगन्नाथ ओढत तसा. ती पडदा नेहमी पूर्ण ओढून घेई.

"कुणीतरी वाट बघतंय तुझी," वॉल्ट हसून म्हणाला. मुलगा आला असेल, असं त्याला वाटलं. त्याने तिला हात देऊन उतरवलं, टोपीला बोट लावलं आणि निघून गेला.

ती पायऱ्या चढली. पायरीवरच्या कोवळ्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिने किल्ली घातली. कुलूप लगेच उघडलं, पण दार हललं नाही. तिने खांदा लावला. दाराने आतून लोखंडाचा ओळखीचा आवाज केला. कडी लावलेली होती.

घर डिसेंबरात बंद झालं होतं. वहीत होतं तसं.

आणि घरात माणूसही होतं. तिनेच लिहिलं होतं. फक्त त्यांचंच बघून, त्यांच्याच सवयीने, कोण ते तिने लिहिलं नव्हतं.

काचेतून ऊब हातावर येत होती. आत चहात आलं पडल्याचा वास होता. तिने भ्यायला हवं होतं, आणि भीती होतीच. पण त्याहून मोठी अशी एक आस छातीत उभी राहिली, की तिला दाराची चौकट धरावी लागली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने आपल्या घराची बेल दाबली.

आत खुर्ची किंचाळत मागे सरकली. शेजारचा कुत्रा भुंकला. पावलं आली आणि दाराशी थांबली.

"कोण आहे?"

या प्रश्नाला ती जन्मभर "मी" म्हणत आली होती. आज तेवढ्याने भागेल की नाही, तिला कळेना.